नसलेल्याचो वाटो

भिवा काहीही वाटायला बसला की हजर माणसांपेक्षा एक ढीग जास्त घालायचा.

केळी असोत, चुरमुरे असोत, सामना जिंकल्यावर कुणी दिलेला शिरा असो. तो मांडी घालून जमिनीवर बसायचा, केळीचं पान नाहीतर जुनं वर्तमानपत्र पसरायचा आणि आपल्या रुंद पंजांनी ढीग घालायला लागायचा. घालताना बोलायचा नाही. एका ढिगातला चिमूटभर काढून दुसऱ्यात टाकायचा, मान तिरकी करून बघायचा, पुन्हा एक दाणा इकडचा तिकडे. भुकेलेली पोरं वैतागायची. "अरे, सोनां तोलतंस काय?" कुणीतरी ओरडायचं. भिवाचं लक्ष नसायचं. सगळे ढीग बरोबर झाले की तो हात झटकायचा, आणि तेव्हा लक्षात यायचं की एक जास्त आहे.

"ह्यो कोणाचो रे?"

"नसलेल्याचो," भिवा म्हणायचा. एवढंच.

नसलेला म्हणजे कोण, ते त्या दिवसावर असायचं. कधी पाय मुरगळून खोलीवर पडलेला गडी असायचा, कधी बहिणीच्या लग्नाला घरी गेलेला. कुणीच गैरहजर नसेल तर तो ढीग मैदान झाडणाऱ्या बाईला जायचा. पण ढीग पडायचाच. त्यावर हात टाकायची कुणाची हिंमत नव्हती, कारण भिवा तसा शांत असला तरी त्याची पकड सगळ्यांना ठाऊक होती.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या भागात कॉलेज नवंच निघालं होतं. मालवणहून एसटीने दीड तासावरचं गाव, दोन पडव्या, अर्ध्या इमारतीवर कौलं, अर्धीवर झावळ्यांचं छप्पर. मी तिथे इतिहास शिकवायला लागलो. मी मसुऱ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. मसुऱ्याहून समुद्र काही फार लांब नाही, पण शेतकऱ्याच्या घरात समुद्र येतो तो मासेवालीच्या पाटीतून. त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसांचं मला जे कळत होतं ते पाटीएवढंच. मास्तरांत मी वयाने सगळ्यांत लहान होतो म्हणून प्राचार्यांनी जिमखाना माझ्या गळ्यात घातला. त्या कामाचं थोडं मानधन मिळायचं. 'मानधन' हा शब्द इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

भिवा माझ्या लक्षात राहिला तो त्याच्या पावलांमुळे. प्रवेशाच्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं, याच्या नव्हतं. रेतीत चालून पावलं अशी फाकली होती की जमिनीला धरून उभा आहे असं वाटावं. वर्गात तो शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायचा. एकदा मी त्याला पुढे बोलावलं, तर उठेना. तास संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, सकाळी ह्या गावातल्या म्हावरेवालीची पाटी उचलून बसस्टँडार पोचवन् इलंय. वारो भायर जाऊक व्हयो." माशाच्या वासाचा कुणाला त्रास नको म्हणून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसत होता.

हुतुतू तो कसा खेळायचा हे सांगणं कठीण आहे. दिसायला काहीच घडत नसे. चढाईला गेला की इतर गडी जसे नाचत, आरडाओरडा करत, तसलं काही नाही. तो पाण्यात उतरावं तसा समोरच्या मैदानात उतरायचा. दम इतक्या खालच्या आवाजात घ्यायचा की पंच बिचारे कान पुढे करून त्याच्या मागे मागे फिरायचे. एकदा तर एका पंचांनी "आवाज येत नाही" म्हणून त्याला बाद दिलं. आमची पोरं भांडायला उठली. भिवा मात्र निमूट बाहेर येऊन बसला.

"तुझा दम सुटला होता का?" मी विचारलं.

"नाय."

"मग सांगायचंस की."

"तेंका ऐकाक येवक नाय, सर. माझो आवाज, माझी चूक." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच हसत, "पाण्यात आरडान चलना नाय हो. दम पाण्यात गावता, तो मैदानार उधळूचो कशाक?"

त्याच्या या खालच्या आवाजाची मला पुढे फार वेळा आठवण झाली.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी कामासाठी मालवणला गेलो होतो, तेव्हा तो मला ओढून घरी घेऊन गेला. समुद्राकाठी, दांड्यावर माडांत झोपडी. त्याची आई मासे विकायची. बारीक, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली बाई. तिने मला पाटावर बसवलं आणि स्वतः दाराशी उभी राहिली. भिवा पाच वर्षांचा असताना त्याचे वडील होडीतून पडून गेले, एवढं मला माहीत होतं. काय बोलावं सुचेना म्हणून मी म्हटलं, "तुम्ही एकटीने फार कष्ट काढलेत."

"एकटी खंय?" ती म्हणाली. "रापण आसा मा."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून चाळीस-पन्नास माणसं ते रेतीवर ओढून काढतात. मासे निघाले की तिथेच ढीग घालतात. जाळ्याच्या मालकाचा वाटा, होडीचा वाटा, आणि मग ओढणाऱ्या प्रत्येकाचा.

"घोव गेलो, मास्तरांनू," ती म्हणाली, "पण तेचो वाटो गेलो नाय. तो असताना पडा तसोच ढीग पडता. नसलेल्याचो वाटो. ह्यो झील त्याच वाट्यार वाढलो."

"किती दिवस देतात?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "देतत म्हणजे? तो तेचोच मा."

त्या दिवशी मला भिवाचा जास्तीचा ढीग कुठून आला ते समजलं. आणखी एक समजलं. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्येका मास्तर करा. माझ्या डोक्यार पाटी आसा तवसर झाला तर बरां." भिवाला शाळेत मास्तर व्हायचं होतं. त्यासाठी पदवी हवी, पदवीसाठी फी हवी. आणि फी त्याच्या खेळावर माफ होती. खेळाडू म्हणून फी माफ आणि खानावळीत दोन वेळचं जेवण. प्राचार्य त्याला 'उत्तेजन' म्हणत.

त्याच हिवाळ्यात मी तापाने आठ दिवस खोलीवर पडलो. संघ बाहेरगावी सामना जिंकून आला होता. दुपारी दारावर थाप पडली. भिवा उभा होता, हातात केळीच्या पानाची पुडी. आत चार पेढे आणि मूठभर चुरमुरे.

"हे काय?"

"तुमचो वाटो."

"अरे, मी काय खेळलो?"

"खेळाक नाय म्हणानच," तो म्हणाला आणि पुडी उशाशी ठेवून निघून गेला.

मी ते पेढे खाल्ले. हे सांगायलाच हवं. कारण पुढे मी जे बोललो ते मला अर्थ ठाऊक नव्हता म्हणून बोललो, अशी पळवाट मी स्वतःला बरीच वर्षं देत आलो. पण अर्थ मला ठाऊक होता. तो मी खाल्ला होता.

दुसऱ्या वर्षी भिवामुळे आमच्या संघाचं नाव पसरलं. प्राचार्य हुशार होते. उरलेल्या छपरावर कौलं घालायची होती, आणि वर्गणी मिळत नव्हती. त्यांनी मदतीचे सामने ठेवले. कनात, तिकिटं, बाहेर सोडा-लिंबूची दुकानं. बांद्यापासून माणसं आली. ती कुणाचा खेळ बघायला आली हे सगळ्यांना माहीत होतं. "तो दम ऐकाक येणा नाय तो गडी खंयचो?" असं विचारत आली. तीन रविवार भिवा खेळला आणि कॉलेजवर मंगळुरी कौलं चढली.

कौलं चढल्यावर पोरांना चहा-चिवडा दिला. प्राचार्यांनी भाषण केलं. खेळ हा यज्ञ आहे, त्यात खेळाडूने फक्त आहुती द्यायची असते, पैसा शिवला की खेळ बाटतो, असं सगळं. मला ते भाषण मनापासून आवडलं. मी तसाच विचार करणारा माणूस होतो, बराचसा अजून आहे.

भाषण संपल्यावर भिवा माझ्याजवळ आला. वर कौलांकडे बघत होता.

"सर, एक इचारू? ही रापण कोणाची?"

"कसली रापण?"

"ह्या सामन्यांची ओ. जाळा कॉलेजाचा, मान्य. होडी पण तेंचीच समजा. पण दोर आमी ओढलो मा?" तो अजिबात रागात नव्हता. ढीग घालताना मान तिरकी करायचा तशीच केली होती. "मगे ढीग कितके पडले, ता काय माका दिसाक नाय."

"तुझी फी माफ आहे ना?" मी म्हटलं.

त्याने बराच विचार केला. "ता खरां," तो म्हणाला. "पण ता उत्तेजन. पाय मोडलो तर बंद जातला. वाटो तसो बंद जाणा नाय."

मी हसून विषय बदलला. भिवाने चिवडा वाटायला घेतला आणि एक ढीग जास्त घातला.

मग तो कागद आला.

विद्यापीठाच्या सामन्यांसाठी प्रत्येक गड्याने एक प्रतिज्ञापत्र भरून द्यायचं होतं. 'मी हौशी खेळाडू असून खेळाबद्दल कोणत्याही स्वरूपात मोबदला घेतलेला नाही. घेतला असल्यास तपशील.' पोरं माझ्या खोलीत येऊन एकेक करून भरत होती. सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. भिवा टाक हातात धरून बसून राहिला.

"काय झालं?"

"सर, गेल्या शिमग्यात गावच्या जत्रेत खेळलंय. देवळातल्यांनी सगळ्या गड्यांका तांदूळ दिले. माझो वाटो मी आयेक नेऊन दिलंय. लिवू?"

त्या जत्रेत आमचे आणखी तिघे खेळले होते. त्या तिघांचे कागद माझ्या टेबलावर होते, 'नाही' लिहिलेले. मला ते दिसत होते. मी भिवाला म्हटलं, "खरं असेल ते लिही. खऱ्याला भय नसतं."

या वाक्याचा त्या वेळी मला अभिमान वाटला. त्या तिघांना मात्र मी हे वाक्य ऐकवलं नाही.

त्याने आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'जत्रेत वाटो मिळालो.' प्रमाण मराठीत 'वाटा मिळाला' असं हवं होतं. मी इतिहासाचा मास्तर, माझा हात शिवशिवला. पण कागद त्याचा, म्हणून तसाच पाठवून दिला.

सामने घाटावरच्या एका शहरात होते. आम्ही दोन फेऱ्या जिंकलो. उपान्त्य सामन्याच्या दिवशी सकाळी समितीने आम्हाला बोलावलं. एका मोठ्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघेजण. अध्यक्ष काळी टोपी घातलेले, साठीचे गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहिता येणार नाही. स्वतः जुने खेळाडू, स्वच्छ माणूस. भिवाला त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"हे 'वाटो' काय आहे, बाळ?"

भिवा उभाच राहिला. "वाटो म्हणजे... वाटो, साहेब."

बाजूचे हसले. अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं. "म्हणजे खेळण्याबद्दल तुला तांदूळ दिला?"

"खेळण्याबद्दल न्हय. म्हणजे खेळलंय, पण..." तो शब्द शोधत होता. प्रमाण बोलायचा प्रयत्न करत होता आणि प्रत्येक वाक्यात अडकत होता. "आमच्याकडे रापण असते. दोर ओढतात. जो असतो त्याला देतात. नसतो त्याला पण."

"नसतो त्यालाही?" एकजण म्हणाला. "मग घेतो कोण?"

पुन्हा हसू. भिवाचा आवाज खाली खाली गेला. "तेची माणसां घेतत," तो म्हणाला, पण ते टेबलापलीकडे पोचलं नसावं. अध्यक्ष कान पुढे करून वाकले होते, त्या पंचांसारखे.

"हे बघ," ते म्हणाले, "मला तुझं वाईट करायचं नाही. पण आज तांदूळ चालला तर उद्या पैसा चालेल. मग पैसेवाली कॉलेजं चांगले गडी विकत घेतील आणि तुझ्या गावच्या कॉलेजकडे कोण राहणार? नियम तुझ्यासारख्यांच्या भल्यासाठीच आहे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नियमच नको असं मी आजही म्हणणार नाही. मग ते माझ्याकडे वळले. "प्रोफेसर, तुम्ही त्याच भागातले. तुम्ही एका शब्दात सांगा. याला मोबदला म्हणायचं का?"

मला सगळं एकदम आठवलं, असं म्हणणं सोपं आहे. तसं काही झालं नाही. मला आठवली ती माझी नोकरी. ती अजून कायम व्हायची होती. 'नाही' म्हटलं तर 'मग काय' असं विचारतील. मग त्या तिघांचा विषय निघेल, मग तिकिटांचा, कौलांचा, खानावळीचा. शिवाय मला त्या खोलीत भिवासारखं अडखळायचं नव्हतं. आमच्याकडे शेतीत वाटा म्हणजे राबल्याबद्दल पिकातला हिस्सा. जो राबतो त्याला मिळतो, राबणं थांबलं की थांबतो. मी शेतकऱ्याचा मुलगा, मी माझ्या जमिनीवरचा अर्थ पुढे केला. तो अर्थ खोटा नव्हता. पण भिवाने लिहिलेला शब्द समुद्रावरचा होता, आणि मी दोन्ही ओळखत होतो.

"हो," मी म्हणालो. "वाटा म्हणजे मोबदलाच."

भिवाने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. पंचांनी बाद दिल्यावर तो जसा मुकाट्याने रेषेबाहेर यायचा, तशीच नजर होती.

भिवाला बाद केलं. हौशी खेळाडू नाही, असा शेरा पडला. दुपारचा सामना आम्ही त्याच्याशिवाय खेळलो आणि हरलो. तो मैदानाबाहेर बसून गड्यांचे कपडे सांभाळत होता. सामना संपल्यावर कुणीतरी शेंगदाणे आणले. सवयीने सगळे भिवाकडे बघायला लागले. त्याने ढीग घातले. त्या दिवशी एकही जास्त नव्हता. उलट एक कमी पडला. स्वतःचा ढीग घालायला तो विसरला होता की त्याने मुद्दाम घातला नाही, मला कळलं नाही. एका पोराने आपल्यातले अर्धे त्याच्या पुढे सरकवले.

कॉलेजात परतल्यावर प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "शेरा पडलेल्या मुलाला खेळाडू म्हणून फी माफ कशी ठेवायची? तुम्हीच सांगा, नियम आहे." मीच नियमाचा माणूस होतो, मी काय सांगणार? मी इतकंच म्हणालो, की निदान हे वर्ष. ते म्हणाले, "बघू." बघायचं काहीच नव्हतं. स्वतःच्या खिशातून त्याची फी भरावी असं मला वाटलं. वाटत राहिलं. दरम्यान महिना संपला, आणि जिमखान्याचं मानधन मी सही करून घेतलं. त्याला मोबदला म्हणायचं का, असं मला कुणी विचारलं नाही.

भिवा गेला त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. त्याच्याकडे पत्र्याची पेटी होती आणि वह्यांचा एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. बस यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो.

"पुढल्या वर्षी काहीतरी करू," मी म्हणालो.

"होय सर."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सर, तुमच्या मसुऱ्यात 'वाटो' म्हणतत मा?"

"म्हणतात."

"माका वाटला, म्हणनत नसतीत."

बस आली. त्याने पेटी टपावर चढवली, आत जाऊन बसला आणि खिडकीतून हात जोडून नमस्कार केला. त्या वर्षाअखेर माझी नोकरी कायम झाली.

मी त्याला पत्र लिहिलं नाही असं नाही. दोनदा लिहिलं. एकदा पाठवलं. त्यात मी पुस्तकांची यादी दिली होती, बाहेरून परीक्षेला बसण्याबद्दल लिहिलं होतं. जे लिहायचं होतं ते लिहिलं नव्हतं. उत्तर आलं नाही. संघातली मुलं पांगली. त्या जत्रेत खेळलेल्या तिघांपैकी एक पुढे शाळामास्तर झाला. तो भेटला की मला वाकून नमस्कार करतो. मी दुसरीकडे बघतो.

सात-आठ वर्षं गेली. परीक्षेच्या कामासाठी मला मालवणला पाठवलं. काम सकाळीच आटोपलं. एसटीला दोन तास होते. छत्री काखेत मारून मी किनाऱ्यावर गेलो. का गेलो हे सांगायला नको.

रापण लागली होती. रेतीवर माणसांच्या दोन ओळी, दोन दोर, पाय रोवून मागे मागे सरकणारी माणसं. कातडीवर मीठ, कमरेला लंगोटी किंवा अर्धी चड्डी. एका ओळीत सगळ्यांत पुढे, पाण्यात गुडघाभर, भिवा होता. पाय रोवून उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखला. अंग भरलं होतं, केस विरळ झाले होते. मी माडाखाली उभा राहिलो. त्याने मला पाहिलं असेल असं वाटलं नाही.

जाळं जवळ आलं. गलका वाढला. आता शेवटची दहा-बारा पावलं उरली होती. तेव्हा तो वळून ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"सर! उबे कित्याक ऱ्हवलात? हात लावा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि ओळीच्या शेवटी जाऊन दोर धरला. ओला, खरबरीत दोर. मी काही ओढलं असं म्हणता येणार नाही. तोवर जाळं आलंच होतं. पुढच्या माणसाच्या पाठीचा घाम माझ्या शर्टाला लागला, एवढंच.

जाळं उघडलं. बांगडे होते, चांगले होते. ढीग पडायला लागले. घालणारा भिवाच होता. तसाच उकिडवा बसलेला, तशीच मान तिरकी. मध्येच तो उठला आणि कुणातरी म्हातारीला हाक मारली. ती आली, तेव्हा लक्षात आलं की ती त्याची आई आहे. तिने मला ओळखलं. "मास्तरांनू, बरे मा?" म्हणाली, आणि आपला ढीग ओच्यात भरायला लागली. तो ढीग अजून पडत होता.

सगळे पांगल्यावर भिवा माझ्याजवळ आला.

"पोरां घेतंय सांजच्याक," तो म्हणाला. "हुतुतू. दम बरो आसा तेंचो."

"शाळेत?"

"शाळा खंयची? रेतीर. पंचांक आवाज येयत तेवढ्यान दम घेवा, म्हणतंय तेंका." तो हसला. "तां एक मी शिकलंय."

"भिवा," मी म्हणालो, "त्या दिवशी त्या खोलीत मी..."

तो खाली वाकला. माडाच्या झावळीची लवचीक हीर काढून त्याने तिच्यात पाच बांगडे कल्ल्यांतून ओवले, गाठ मारली आणि ती माळ माझ्या हातात दिली.

"उन्हात ठेवू नकात," तो म्हणाला. "बस चुकात."

"अरे, मी ओढलं कुठे? शेवटी नुसता हात लावला."

"शेवटाक लावलो तरी चलता, सर."

एवढं बोलून तो होडीकडे गेला. चार-पाच जणांनी होडीला खांदा लावला होता, तो त्यांच्यात शिरला. वाळूत त्याची फाकलेली पावलं उमटत गेली, आणि मग इतरांच्या पावलांत मिसळून दिसेनाशी झाली.

एसटीत मी मासे घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला, शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलो.

घरी पोचलो तेव्हा बायको ओटीवर होती. तिचं माहेर मालवणातच, समुद्राशी. तिने माळ हातात घेतली, बांगड्यांचे डोळे बघितले, कल्ले उघडून पाहिले.

"ताजे आसत. कसे दिल्यान?"

घरात मी नेहमी प्रमाण मराठीतच बोलतो. मास्तराची सवय. त्या दिवशी तोंडातून दुसरंच आलं.

"इकत घेवक नाय. वाटो मिळालो."

तिने मान वर केली. माझ्या कोरड्या धोतराकडे बघितलं, तळहातांकडे बघितलं. दोराचा एक लालसर वळ उजव्या हातावर होता, फार मोठा नव्हता.

"तुमका?" ती म्हणाली.